हे साधन मशीन ओळखतं कशावरून?

मंडळी, संगणकांच्या नोंदीचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो: विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हींवर चालणारं सॉफ्टवेअर कोणतं? तिन्हींवर बरीच चालतात हो. ओसीएस इन्व्हेंटरी, जीएलपीआय, ओएसक्वेरी, सगळी चालतात. मी आधी विचारतो ते एवढंच, की हे साधन एक मशीन दुसऱ्यापासून वेगळं ओळखतं कशावरून?

सिरियल नंबरवरून, असं तुम्ही म्हणाल. ब्रँडेड लॅपटॉपला ठीक आहे. पण कॉलेजच्या लॅबमधल्या असेंबल केलेल्या पीसीवर लिनक्समध्ये डीएमआयडिकोड, म्हणजे हार्डवेअरची माहिती दाखवणारी कमांड, चालवून बघा. सिरियल नंबरच्या जागी बऱ्याचदा येतं, ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ मदरबोर्डवाल्याने जागा मोकळी सोडली, जुळणी करणाऱ्याने ती भरली नाही. साधन त्यावर विसंबलं की अख्खी लॅब एकाच नोंदीत गोळा. नेटवर्क कार्डाचा पत्ता, म्हणजे मॅक आयडी (ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही), घ्यावा, तर लॅनचा डोंगल आज या लॅपटॉपला, उद्या त्या. एकाच डिस्कवरून क्लोन केलेल्या लिनक्स पीसींची तर मशीन-आयडीची, म्हणजे लिनक्सने त्या मशीनला दिलेल्या ओळख-क्रमांकाची, फाइलसुद्धा सारखीच निघते, कुणी मुद्दाम बदलली नसेल तर.

जीएलपीआयकडे माझा कल आहे तो यामुळे. कुठल्या गोष्टी जुळल्या की मशीन तेच धरायचं, याचे नियम आपल्याला लावता येतात आणि असले पोकळ सिरियल नंबर काळ्या यादीत टाकता येतात. 2022 मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून मशीनची माहिती गोळा करण्याची सोय त्यातच आहे, वेगळा प्लगइन लागत नाही. स्नाइप-आयटी कोणती वस्तू कुणाच्या ताब्यात, हे झकास सांभाळतं, पण नेटवर्कवर मशीन शोधायला ते स्वतः जात नाही. ओएसक्वेरीला एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या प्रश्नभाषेत, काहीही विचारा, मात्र सगळ्यांची उत्तरं एका जागी साठवायला वर सर्व्हर हवाच. प्रिंटर आणि स्विचवर एजंट, म्हणजे माहिती पाठवणारा छोटा प्रोग्राम, बसत नाही; तिथे एसएनएमपी, म्हणजे नेटवर्कवरूनच उपकरणाला माहिती विचारायची पद्धत.

सॉफ्टवेअरची यादी कुठून वाचली जाते, तेही विचारा. विंडोजवर ‘विन32_प्रॉडक्ट’ या अंगभूत यादीला नुसतं विचारलं तरी एमएसआयने, म्हणजे विंडोजच्या इन्स्टॉलरने, बसवलेलं एकेक पॅकेज तपासलं जातं, बिघडलेलं दिसलं तर दुरुस्तीही सुरू होते. भर तासाला हे नको. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या, अनइन्स्टॉलच्या नोंदी वाचणारं साधन बरं. आणि कुठलीच यादी पूर्ण नसते. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतलं सुरक्षेचं भगदाड उघड झालं, तेव्हा तिची जार फाइल बऱ्याचदा दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात होती. इन्स्टॉल केलेल्यांच्या यादीत तिचं नाव कुठून येणार?

तेव्हा विकणाऱ्याच्या डेमोवर जाऊ नका. आपल्याकडची सगळ्यात त्रासदायक मशीनं निवडा: एक असेंबल केलेला पीसी, दोन क्लोन, डोंगलवाला लॅपटॉप, एखादा मॅक, आणि उबुंटू-विंडोज दोन्ही असलेला एक डबा. हा शेवटचा आधी उबुंटूत चालू करा, दुसऱ्या दिवशी विंडोजमध्ये. नोंदी दोन झाल्या, तर ऑडिटला एक पीसी जास्तीचा दाखवावा लागेल. एकच झाली, तर उबुंटूची पॅकेजं पुसून विंडोजची चढली का, ते उघडून बघा.