सेरिटोस जहाजावरची खालची मंडळी

नमस्कार श्रोतेहो.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ पाहिलेले काही जण आज नक्की ऐकत असतील. टोकदार कानांचा स्पॉक, एंटरप्राइज हे अंतराळजहाज, कॅप्टन कर्क. अमेरिकेत 8 सप्टेंबर 1966 रोजी सुरू झालेली ती मालिका पुढे किती शाखांनी वाढली! पण कथा बहुतेक वेळा कॅप्टनच्या खुर्चीभोवतीच फिरत राहिली. निर्णय वरचे घेणार, संकट वरचे परतवणार, आणि मागे बटणं दाबत बसलेल्या पोरांची नावंही आपल्याला कळणार नाहीत.

आज ज्या मालिकेबद्दल बोलायचं आहे, ती या पोरांची आहे. ‘स्टार ट्रेक: लोअर डेक्स’. ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली, डिसेंबर 2024 मध्ये संपली. पाच पर्वं, पन्नास भाग, सगळे अॅनिमेशनमध्ये आणि सगळे विनोदी. जहाजाचं नाव सेरिटोस. त्याचं काम ‘दुसरा संपर्क’. नव्या ग्रहावर पहिलं पाऊल एंटरप्राइजसारखी नामांकित जहाजं ठेवतात. ती निघून गेली की सेरिटोस येतं, कागदपत्रं पुरी करतं, यंत्रणा बसवून देतं. वरात पुढे गेल्यावर मांडव आवरायला थांबलेल्या माणसांसारखं हे काम. ते कुणीतरी करावंच लागतं, आणि नीट करावं लागतं.

मुख्य पात्रं चार. नियम तोंडपाठ असलेला, बढतीसाठी तळमळणारा बॉइम्लर. बढती मिळाली की ती घालवायच्या मागे लागणारी मॅरिनर. जहाजाची कॅप्टन तिची सख्खी आई आहे. विज्ञान म्हटलं की डोळे लकाकणारी, हिरव्या कातडीची टेंडी. आणि इंजिनात रमणारा रदरफोर्ड. सुरुवातीला सगळ्यांचा हुद्दा एन्साइन, म्हणजे अधिकाऱ्यांमधला सर्वांत खालचा. यांना स्वतःची खोली नाही, बोळातल्या एकावर एक रचलेल्या बर्थवर झोपायचं. सकाळी उठून होलोडेक, म्हणजे हवं ते आभासी जग उभं करणारी खोली, धुवायचा.

मालिकेचा निर्माता माइक मॅकमॅहन. ‘नेक्स्ट जनरेशन’ ही ‘स्टार ट्रेक’चीच एक मालिका 1994 मध्ये सात पर्वांनंतर थांबली. हा माणूस ट्विटरवर तिच्या कधीच न बनलेल्या आठव्या पर्वाच्या गमतीदार कथा रचत असे. विडंबन करणारे पुष्कळ असतात. पण आपण कशावर हसतोय ते अगदी बारकाईने ठाऊक असणं, आणि त्यावर जीव असणं, हे दुर्मीळ. म्हणूनच इथला विनोद मूळ मालिकेला कमीपणा आणत नाही. हसू येतं ते माणसांच्या हट्टावर, घाईवर, मोठं दिसण्याच्या धडपडीवर. काम मात्र कधीच हास्यास्पद ठरत नाही. बॉइम्लरचे नियम त्रासदायक असतात, पण प्रसंगी तेच जीव वाचवतात.

आता एक प्रसंग सांगतो, माझ्या मते मालिकेतला सर्वांत मोलाचा. ‘नेक्स्ट जनरेशन’च्या 1994 मधल्या एका भागाचं नाव होतं ‘लोअर डेक्स’. या मालिकेचं नाव तिथूनच आलं. त्या भागात सिटो नावाची तरुण एन्साइन गुप्त मोहिमेवर जाते आणि परत येत नाही. पुढच्या आठवड्यापासून जहाज पुन्हा आपल्या कामाला. कितीतरी प्रेक्षकांच्या मनात ती सल राहिली. 2023 मध्ये चौथ्या पर्वात मॅरिनर एका परक्या ग्रहावर अडकते. बाहेर आकाशातून धारदार तुकड्यांचा पाऊस पडतोय, आडोशाला सोबतीला क्लिंगॉन या लढवय्या परग्रही जमातीचा एक योद्धा आहे, आणि तिथे ती पहिल्यांदा बोलते: सिटो माझी मैत्रीण होती. मग ती बढती का टाळते ते आपल्याला उमगतं. वर गेलं की आपल्याच हाताने कुणाला तरी मरणाच्या तोंडी पाठवावं लागणार, ही ती भीती. जवळजवळ तीस वर्षांपूर्वी मागे टाकलेल्या एका दुय्यम पात्राचा शोक एका हास्यमालिकेने पाळला. भल्याभल्या गंभीर मालिकांना हे सुचलं नव्हतं.

2023 मध्येच मॅरिनर आणि बॉइम्लर ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या ‘स्टार ट्रेक’च्याच हाडामांसाच्या मालिकेत अवतरले. इथे आवाज देणारे टॉनी न्यूसम आणि जॅक क्वेड तिथे स्वतः पडद्यावर आले. मालिकेच्या शेवटच्या भागाला विज्ञानकथांसाठीचा 2025 चा ह्यूगो पुरस्कारही मिळाला.

ज्यांनी ‘स्टार ट्रेक’ कधीच पाहिलेलं नाही, त्यांनी सुरुवात दुसऱ्या पर्वाच्या नवव्या भागापासून करावी. त्यात तीन जहाजं आहेत: सेरिटोस, एक क्लिंगॉनांचं आणि एक व्हल्कनांचं, म्हणजे भावना आवरून तर्काने चालणाऱ्या स्पॉकच्या जमातीचं. तिन्हीकडचे कनिष्ठ अधिकारी दिसतात. क्लिंगॉन पोरगा कॅप्टनची मर्जी राखायला धडपडतोय. टि’लिन ही व्हल्कन मुलगी कुणी न सांगता नवं यंत्र जुळवते, म्हणून तिचे वरिष्ठ तिला अतिभावनाशील ठरवतात. तिच्याच हुशारीने पुढे सेरिटोस वाचतं, आणि तरी तिची बदली होते. श्रेयनामावली सुरू झाली तरी पडदा बंद करू नका. तिथे बोर्गांचं जहाज दिसतं. बोर्ग म्हणजे एकाच मनाने चालणारे, अर्धे जीव अर्धे यंत्र असे प्राणी, त्यांच्यात ना वरिष्ठ ना कनिष्ठ. तेव्हा त्यांच्या जहाजावर रिकाम्या वेळात काय गप्पा रंगतात, ते तुम्हीच पाहा.