रोड बाइकवर करंगळीला मुंग्या का येतात?

सोलापूरहून रोड बाइकवर, म्हणजे खाली वळलेल्या हँडलच्या सायकलवर, निघालात की हिप्परगा तलाव मागे पडेपर्यंत सगळं झकास असतं. तुळजापूरचा रस्ता, सकाळची हवा, पाय मस्त फिरतायत. आणि मग करंगळीला मुंग्या. लगेच जाड ग्लोव्ह्ज आणायला पळू नका.

(तळहात कॅमेऱ्यासमोर) ही करंगळीकडची बाजू बघा. इथून अल्नर नावाची नस जाते. करंगळी आणि निम्म्या अनामिकेची संवेदना तिच्याकडे. धडाचं वजन हातांवर आलं की ती हँडलवर दाबली जाते. दुखतं हातात, पण चूक बसण्यात असते.

करून बघा. मोकळा, सपाट रस्ता, सावकाश पेडल. हूडवरचे, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठींवरचे, तळहात जरासेच सैल सोडा. अंग पुढे कोसळायला लागलं, तर तुम्ही हातांवर रेलून बसलाय. वाकायचं ते खुब्यातून, पाठीला पोक काढून नाही. पोट किंचित आवळलेलं, खांदे खाली, कोपरं सैल. कोपरं ताठ ठेवलीत तर प्रत्येक खड्डा थेट मानेत जातो, आणि आपल्याकडे खड्ड्यांना काय तोटा! सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर मात्र कसंही बसा, पुढे घसरणारच. आधी सीट सपाट करा.

आता हात. बहुतेक वेळ हूडवरच. अंगठा आतून गुंडाळलेला, मनगट सरळ, एक-दोन बोटं ब्रेकवर. अंगठा वरून ठेवायची फॅशन सोडा. मे महिन्यात घामेजलेला हात एका दणक्यात निसटतो. वरच्या आडव्या दांडीवर चढाला धरा, आरामात श्वास घेता येतो. पण तिथून ब्रेक लांब, म्हणून शहरात सात रस्ता चौकाच्या गर्दीत अजिबात नको.

येताना तुळजापूरचा घाट उतरताना ड्रॉप्स, म्हणजे हँडलचा खाली वळलेला भाग धरा. तिथून बोटं लिव्हरच्या टोकाला पोचतात, कमी जोरात जास्त ब्रेक लागतो, वजनही खाली येतं. समोरून वारं असेल तर हूडवरच कोपरं वाकवा, बरंचसं काम होतं. रील बघून हँडलवर कोपरं टेकवू नका राव! यूसीआयनं, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं, 2021 पासून रोड रेसमध्ये व्यावसायिकांनाही त्याला बंदी केलीय.

दर थोड्या वेळानं हाताची जागा बदला. सायकलवरून उतरल्यावरही करंगळी तासन्‌तास बधिर राहत असेल, तर पाना बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.