खुल्या गळ्याच्या साथीला युकुलेले निवडताना

श्रोतेहो, नमस्कार. घरात कुणाचा गळा खुला आहे, तार षड्जाला आवाज भिंतीवर आदळतो, आणि साथीला युकुलेले, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, घ्यायचं ठरलंय. अशा वेळी पणजीत काय किंवा मडगावात काय, दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो 'यातलं सगळ्यात मोठं कुठलं?' असा. पण वाद्य मोठं असलं की आवाज खोल होतो. तो लांबवर ऐकू येईलच असं नाही.

युकुलेले चार आकारांत मिळतं. सगळ्यात लहान सोप्रानोच्या तारेची वाजती लांबी साधारण ३५ सेंटिमीटर असते, कॉन्सर्टची ३८, टेनरची ४३ आणि बॅरिटोनची ५०च्या आसपास. बॅरिटोन गिटारच्या चढ्या सुराच्या चार तारांसारखं लावतात. त्याचा मऊ, जाड नाद भारदस्त गळ्याखाली सरळ बुडून जातो, म्हणून ते बाजूलाच ठेवा. निवड कॉन्सर्ट आणि टेनर यांतून करायची.

आवाज तयार होतो तो वरच्या फळीत. ही फळी जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची असते आणि तारांचा हादरा हवेत सोडण्याचं बहुतेक काम तीच करते. ती प्लायची असेल तर आतल्या थरांमुळे आणि गोंदामुळे ताठर होते. कितीही जोरात छेडा, एका मर्यादेनंतर आवाज वाढत नाही, नुसता खडखडतो. ओळखायचं कसं? मधल्या गोल भोकाची कड उजेडात धरून बघा. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरल्या असतील तर फळी अखंड लाकडाची. कडेला सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. लाकडांत महोगनी गोड आणि ऊबदार, हवाईचं कोआ देखणं आणि महाग. पण दमदार गळ्यासाठी स्प्रूसच घ्यावं. जोरात छेडलं तरी त्याचा स्वर फाटत नाही.

गोव्याच्या हवेचा विचार मात्र इथेच करायला हवा. अखंड लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्या पावसाळ्यात ती याच्या कितीतरी वर जाते. फळी फुगते, तारा जिथे टेकतात त्या घोडीपाशी वर येते, तारा उंचावतात आणि बोटं दुखू लागतात. म्हणून वरची फळी अखंड स्प्रूसची आणि पाठ-बाजू प्लायच्या, असं वाद्य इथे सगळ्यात शहाणपणाचं. आवाजात फारसा तोटा नाही, शिवाय सांगाडा टिकतो. वाद्य ठेवायच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि बाराव्या पडद्यावर तारेची उंची पावसाआधी व पावसात मोजा. अडीच ते तीन मिलिमीटर असावी. त्याहून कमी असेल तर जोरात छेडताना तार पडद्याला लागून झणझणते. बंद मोटारीत उन्हात वाद्य ठेवू नका, घोडीचा गोंद सुटतो.

तारा फ्लुरोकार्बनच्या घ्या. त्या नायलॉनपेक्षा घन असल्यामुळे तेवढ्याच स्वराला बारीक चालतात, आणि आवाज उजळ, लांब जाणारा येतो. नव्या तारा काही दिवस ताणत राहतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बदलू नका.

आता खरा मुद्दा, सुराचा. गळ्याच्या सुरांचा पल्ला आणि वाद्याच्या सुरांचा पल्ला एकमेकांवर बसले की वाद्य कितीही मोठ्यानं वाजवा, ते झाकलं जातं. युकुलेलेच्या तारा नेहमीच्या लावणीत, चौथीपासून पहिलीपर्यंत, ३९२, २६२, ३३० आणि ४४० हर्ट्झला असतात. काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्या पुरुषाचा मध्य सा १३९ला आणि तार सा २७७ला. त्याचं बरंचसं गाणं तारांच्या खालून जातं, त्यामुळे चौथी तार नेहमीसारखी उंच सुरात लावलेलं कॉन्सर्ट त्याच्या आवाजावर स्वच्छ तरंगतं. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा सा २०८ला, तार सा ४१५ला. तिचा गळा नेमका तारांवरच येतो. तिच्यासाठी टेनर घ्या आणि चौथी तार एक सप्तक खाली, म्हणजे खालच्या जी स्वराला, १९६ हर्ट्झवर लावा. मग साथ तिच्या आवाजाखाली जमिनीसारखी राहते.

त्याहून पुढची युक्ती अशी, की चारही तारा अर्धा स्वर चढवा. ताण साधारण १२ टक्के वाढतो आणि आवाजही थोडा खुलतो. शिवाय सोपा 'सी' कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरला की काळी एक मिळते, 'जी' धरला की काळी चार, 'ए' धरला की काळी पाच. आपल्याकडे या पट्ट्या वारंवार लागतात, आणि कॅपो, म्हणजे मानेवर तारा दाबणारा चिमटा, न लावता त्या साधतात. खाली लावलेली चौथी तार तर मोकळीच काळी चारचा सा देते. पूर्ण स्वर मात्र चढवू नका. ताण २६ टक्क्यांनी वाढतो. टेनरच्या घोडीला तो झेपेलच असं नाही.

खरेदीला गायकाला बरोबर न्या. वाजवणारा जागेवर राहू दे, तुम्ही पाच मीटर लांब उभे राहा आणि गायकाला गाण्यातली सगळ्यात चढी ओळ पूर्ण गळ्यानं म्हणायला सांगा. दुकानाच्या कडक भिंती फसवतात, जमल्यास बाहेर ओसरीवर ऐका. कॉर्ड बदललेला कळतो का, एवढंच तपासायचं.

बँजोलेले, म्हणजे चामडं किंवा प्लॅस्टिक ताणलेलं, सगळ्यांत मोठ्यानं वाजतं. पण त्याचा नाद लगेच विझतो, म्हणून संथ भावगीताला ते निरुपयोगी. ठेक्याच्या गाण्याला उत्तम. चामडं पावसात घुमटासारखंच (गोव्यातलं मातीचं तालवाद्य) सैल पडतं, प्लॅस्टिक घ्या. आणि चतुर्थीच्या आरतीत घुमट, शामेळ, कासाळें असताना कुठलंही युकुलेले माईकशिवाय टिकेल, ही आशा सोडा.

दुसरं युकुलेले जोडूनही फारसा फरक पडत नाही, जेमतेम तीन डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला दहा लागतात. त्यापेक्षा वाद्याला खांद्यावरून पट्टा बांधा, म्हणजे पाठ पोटाला चिकटून दबत नाही आणि कोपर फळीवर टेकत नाही. छेडायचं ते मान आणि वाद्याचा पोकळ सांगाडा जुळतात तिथे. माईक पंधरा-वीस सेंटिमीटरवर, त्याच जोडाकडे रोखून ठेवा. भोकासमोर ठेवला तर आवाज घुमतो. पिकअप, म्हणजे वाद्यातच बसवलेला आवाज टिपणारा भाग, असेल आणि त्यात बॅटरी नसेल, तर तो थेट मिक्सरला लावू नका, आवाज पत्र्यासारखा येतो. मध्ये किमान एक मेगाओम इनपुटचा प्रीअँप, म्हणजे क्षीण आवाज आधी वाढवणारी छोटी पेटी, घ्या.