खटला उभा राहण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला एका कागदाबद्दल बोलायचं आहे. अमेरिकेतल्या काऊंटी जेलमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा तुरुंगासारख्या ठिकाणी, कैद्याला तक्रार करायची असली की एक छापील अर्ज भरावा लागतो. वर नाव, कैदी क्रमांक, बराक, तारीख आणि खाली हकीकत लिहायला मोजक्या ओळी. संडासाचं पाणी उलटं येऊन तीन दिवस कोठडीत साचलंय, दोघांच्या कोठडीत तिसरा जमिनीवर झोपतोय, इन्सुलिन वेळेवर मिळत नाही, जे असेल ते त्या ओळींत बसवायचं. पुष्कळ जेलमध्ये लिहायला मिळणारं पेनही बोटभर लांबीचं, रबरासारखं वाकणारं असतं, कारण कडक पेनाचं हत्यार होऊ शकतं. त्या लिबलिबीत पेनाने, मांडीवर कागद धरून माणूस आपलं गाऱ्हाणं लिहितो.

पुढे तोच माणूस फेडरल कोर्टात, म्हणजे केंद्रीय न्यायालयात, नागरी हक्कांचा दावा घेऊन गेला, तर बहुतेक वेळा आधी वाद रंगतो तो या कागदावरून. घाण पाण्याचा विषय नंतर. अर्ज दिला होता का? मुदतीत दिला होता का? फेटाळल्यावर वरच्या पायरीवर अपील केलं होतं का? अशा दाव्यांच्या नोंदी वाचताना मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती हीच गोष्ट. कोठडीत काय घडलं हे कुणी विचारायच्या आतच कितीतरी दावे निकालात निघतात.

इथे एक फरक सांगायला हवा. आपण सरसकट तुरुंग म्हणतो, पण तिकडे जेल वेगळं आणि प्रिझन वेगळं. जेल सहसा काऊंटीचं असतं, शेरीफच्या, म्हणजे काऊंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ताब्यात असतं, आणि तिथले बहुसंख्य लोक कच्चे कैदी असतात. त्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही. अनेकांकडे जामिनाचे पैसे नाहीत, एवढ्यासाठी ते आत आहेत. ज्याला दोषी ठरवलेलंच नाही त्याला शिक्षा देता येत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली बेल विरुद्ध वुल्फिश या खटल्यात स्पष्ट केलं. म्हणून काऊंटी जेलमधला कच्चा कैदी राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा, म्हणजे कायद्याच्या रीतसर प्रक्रियेच्या हमीचा, आधार घेतो, तर प्रिझनमध्ये शिक्षा भोगणारा कैदी आठव्या दुरुस्तीचा, म्हणजे क्रूर शिक्षेवरच्या बंदीचा.

दाव्याचा कायदा मात्र जुना आहे, 1871 सालचा. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लान कृष्णवर्णीयांना मारत होती आणि तिथले सरकारी अधिकारी डोळेझाक करत होते. तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हा मार्ग काढला की राज्याच्या अधिकाऱ्याने घटनेने दिलेला हक्क तुडवला, तर त्याच्यावर थेट फेडरल कोर्टात दावा लावता येईल. आज त्याला कलम 1983 म्हणतात; हा कलमाचा क्रमांक आहे, साल नव्हे. कैद्यांनाही हे दार उघडं आहे, हे 1964 साली कूपर विरुद्ध पेट या खटल्यात ठरलं. मग 1976 साली एस्टेल विरुद्ध गॅम्बल. टेक्सासच्या तुरुंगात काम करताना एका कैद्याच्या अंगावर कापसाचा गठ्ठा पडला, पाठ दुखावली, आणि त्याने वकिलाशिवाय, स्वतःच्या हाताने दावा लिहिला. गंभीर आजाराकडे जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष म्हणजे घटनेचा भंग, हे तत्त्व त्या हस्तलिखितातून निघालं. त्याच्या स्वतःच्या पदरात शेवटी काही पडलं नाही. पण त्याच्या मागून आलेला जवळपास प्रत्येक आजारी कैदी त्या निकालाचा आधार घेतो.

मग 1996 साल आलं. कैद्यांचे दावे फार झाले, फालतू झाले, अशी ओरड होती, आणि काँग्रेसने कैद्यांच्या दाव्यांना आळा घालणारा कायदा केला. तो आजही लागू आहे. त्याची पहिली अट मघाचाच कागद: तुरुंगाची अंतर्गत तक्रार यंत्रणा शेवटच्या पायरीपर्यंत वापरल्याशिवाय दावा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या निकालाने ती अट आणखी आवळली. मुदत चुकली तर अर्ज दिलाच नाही असं धरलं जातं. आणि ही मुदत कोण ठरवतं? तुरुंगच. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानेच मुदत ठरवायची, त्यानेच फॉर्म द्यायचा, त्यानेच तो घ्यायचा. पहारेकऱ्याने फॉर्म दिलाच नाही, धमकावलं, किंवा पत्रपेटीतून अर्ज गायब झाला, तर? 2016 साली न्यायालयाने म्हटलं की प्रत्यक्षात उपलब्धच नसलेला मार्ग कैद्याने वापरायची गरज नाही. पण उपलब्ध नव्हता हे दाखवायचं कसं? जवळ प्रत नाही, साक्षीदार दुसऱ्या बराकीत हलवलेला.

दुसरी अट पैशाची. दाव्याची फी 350 डॉलर, आणि गरीब म्हणून कैद्याला ती माफ होत नाही, फक्त हप्त्यांनी भरता येते. अर्जासोबत जेलच्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा जोडावा लागतो, तोही जेलच्या कर्मचाऱ्याकडून प्रमाणित करून. हिशेब बघा. आई दर महिन्याला 60 डॉलर पाठवते असं धरू. त्याचे वीस टक्के म्हणजे 12 डॉलर आधी भरायचे. उरलेले 338 डॉलर दर महिन्याच्या जमेतून वीस टक्क्यांनी कापले जातात, म्हणजे पुन्हा बारा बारा. अडीच वर्षांच्या आसपास. दावा पहिल्याच महिन्यात फेटाळला गेला, तरी कपात चालूच राहते. साबण, फोन, पोस्टाची तिकिटं या सगळ्याच्या पैशातून ती जाते. खात्यात खरोखर काहीच नसेल तर त्या कारणाने दावा अडवता येत नाही, एवढी सोय आहे.

नंतर येते छाननी. प्रतिवादीला समन्स जाण्याआधी न्यायाधीश दावा वाचतात. निराधार वाटला, किंवा सगळं खरं धरलं तरी कायद्याने काही मिळण्यासारखं नाही असं वाटलं, तर तिथेच फेटाळतात. असे तीन फेटाळले गेले की पुढच्या दाव्याची फी हप्त्यांनी भरता येत नाही, गंभीर शारीरिक इजेचा तातडीचा धोका असेल तरच अपवाद. वकील नसलेल्याचा मसुदा सैलपणे, समजून घेऊन वाचायचा असा 1972 चा निकाल आहे, आणि चांगले न्यायाधीश तो पाळतात. दावा अपुरा वाटला तर दुरुस्त करून पुन्हा द्यायची संधी देतात.

अपुरा म्हणजे कसा? कैदी लिहितो, ‘जेलने माझे हाल केले.’ पण पुष्कळ राज्यांत जेलवर दावा लावताच येत नाही. माणूस दाखवावा लागतो. कोणी, कधी, काय केलं, आणि त्याला काय ठाऊक होतं. काऊंटीला जबाबदार धरायचं तर तिचं धोरण किंवा रूढ प्रथा दाखवावी लागते. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचं नाव कैद्याला कुठून कळणार? म्हणून दाव्यात ‘जॉन डो’ लिहितात, म्हणजे नाव अज्ञात. ते नाव शोधण्यातच महिने जातात. दावा दाखल करायची मुदत राज्याप्रमाणे बदलते, पुष्कळ ठिकाणी दोनच वर्षं, आणि ती तेवढ्यासाठी थांबेल याची खात्री नसते.

छाननीतून सुटलं, तर कैद्याच्या वतीने समन्स बजावायचं काम यू.एस. मार्शलकडे, म्हणजे फेडरल कोर्टाचे आदेश बजावणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जातं. पण तोवर कैद्याला दुसऱ्या जेलमध्ये हलवलेलं असतं, किंवा तो सुटलेला असतो. न्यायालयाचा आदेश जुन्या पत्त्यावर जातो, ‘इथे राहत नाही’ असा शिक्का घेऊन परत येतो. वादीने पत्ता कळवला नाही म्हणून प्रकरण बंद. हे वाचताना प्रत्येक वेळी पोटात कालवतं.

टेक्सासच्या एका कैद्याला 2013 साली सहा दिवस विष्ठेने माखलेल्या कोठड्यांत ठेवलं होतं. अधिकाऱ्यांना दाव्यापासून कायद्याचं संरक्षण मिळणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं तेव्हा 2020 चा नोव्हेंबर उजाडला होता. तोवर ज्युरीपुढे काहीच गेलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाचं माणूस तिकडे आत असेल, तर पुढच्या फोनवर वकिलाच्या आधी त्या कागदाचं विचारा. अर्ज दिलास का, कोणत्या तारखेला, कुणाच्या हातात, आणि उत्तर आलं का. शक्य असेल तर तोच मजकूर शब्दशः पुन्हा लिहून तारखेसह घरी पाठवायला सांगा, आणि पाकीट फेकू नका. त्याच्यावर पोस्टाचा शिक्का असतो.

नमस्कार.