परत आलेला डबा

(पहाट. मेसचं स्वयंपाकघर.)

पहाटेचे साडेचार. नागपूरच्या नंदनवन भागातल्या या स्वयंपाकघरात कणीक मळून झालीय, परातीत उंडे मांडलेत. एका शेगडीवर वरण, दुसरीवर आलू-वांगं. काकूंची सून सांबार निवडतेय. सांबार म्हणजे कोथिंबीर. नागपूरबाहेरच्यांनी दचकू नये.

एकूण चाळीस डबे. बहुतेक नीट-जेईईच्या शिकवणीसाठी बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या गावांतून आलेल्या मुलामुलींचे. झाकणावर नेलपॉलिशनं नंबर. चार पोळ्या, भाजी, वरण, भात. सगळ्यांना सारखं.

(दुपार. ओट्यावर परत आलेल्या डब्यांची रांग.)

खरं तर आम्ही मेसच्या धंद्यावर फिल्म करायला आलो होतो. ही रांग दिसली आणि कॅमेरा इथेच अडकला.

अकरा नंबर: पोळ्या तशाच, भात नुसता उकरलेला. तेवीस नंबर: चाटूनपुसून लख्ख. सात नंबर: उघडलेलाच नाही.

काकू म्हणतात, "रविवारी टेस्ट राहते ना, तर शनिवारचे डबे असेच वापस येतेत. मी नाही विचारत, काहून नाही जेवला म्हणून. डबाच सांगते."

परीक्षेची धास्ती बसली की शरीर संकटाच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनालिन वाढतं, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो. घास तोंडात फिरत राहतो. 'पोटात गोळा आला' म्हणणारी आजी काही चुकीचं सांगत नव्हती.

हीच धास्ती महिनोन्‌महिने मुक्कामाला आली, की अनेकांचं उलटं होतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढलेलं राहतं, भूक वाढते, ओढ गोडाकडे आणि तेलकटाकडे. त्यात जागरण. झोप कमी पडली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन घटतं, असं अभ्यासांत दिसलंय.

(सकाळ. तर्री पोह्याची गाडी.)

आता ही तर्री बघा. रात्री भिजवलेले हरभरे शिजवून घेतलेत. कांदा, आलं, लसूण तेलात पार काळपट होईस्तोवर परतायचं, मग तिखट, मग गरम मसाला. पाणी घातलं की घाई नाही. मंद आचेवर लाल तवंग वर येतो तेव्हाच पळी बुडवायची. पोह्यांवर तर्री, वर चिरलेला कांदा, लिंबाची फोड. हे दृश्य आम्ही तीन सकाळी चित्रित केलं. गरजेपेक्षा जास्तच, कबूल.

रात्रभर जागलेली पोरं इथे येतात. चेहरे दाखवायचे नाहीत, ही त्यांची अट. या हातात दुसरी प्लेट आहे. भूक लागली का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "नाही दादा. रूमवर जावंसंच नाही वाटत."

पोटाची भूक हळूहळू चढते आणि वरण-भातावरही भागते. ही दुसरी, मनाची भूक एकदम येते, आणि तिला तर्रीच लागते.

(पुन्हा डबे. तेवीस नंबर.)

लख्ख डब्याचं कौतुक आम्हालाही वाटलं होतं. ही मुलगी काकूंना म्हणाली, पोट भरलं तरी संपवते. घरी पानात टाकलं की बोलणी बसायची. अन्न वाया घालवू नये हे खरंच. पण 'पोट भरलं' ही पोटाची सूचना इतकी वर्षं डावलली, की ती ऐकू येणं कमी होतं. घरून रोज फोन येतो. प्रश्न दोनच: जेवलीस का, आणि मार्क किती?

(सात नंबर, झाकण बंद.)

मन बिघडलं की जेवण बिघडतं. उलट दिशेनंही तेच. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन उतरलं, ते ठरलेलंच होतं. पण ती माणसं चिडचिडी, उदास, एकलकोंडी झाली. काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. सात नंबरचं लक्ष अभ्यासात लागत नसेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी हा डबा उघडून बघावा.

हे लांबलं तर वजन, पित्त, आणि काहींना उपचार लागणारा खाण्याचा आजार. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी, १४४१६, फोन फुकट, मराठीतही बोलतात.

(संध्याकाळ. डबे भरणं.)

सात नंबर ओट्यावर आहे. काकू दोन पोळ्या काढून ठेवतात. भात थोडा मऊ, वर दही. लोणच्याची फोड कागदात.

"पेपर आहे उद्या त्याचा."

झाकण लागतं. सायकलच्या हँडलला पिशवी.