टेक्स्चरचं लघुचित्र फाइलीतच असतं

नाशिककर मित्रहो, तुमच्यापैकी काहीजण पांडवलेणीचे फोटो काढून त्यांची थ्रीडी मॉडेल्स करता, हे मघाशी कळलं आणि फार बरं वाटलं. मग एक त्रास तुमच्या ओळखीचाच असणार. टेक्स्चरचं, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या चित्रांचं, फोल्डर उघडावं, तर लघुचित्रांऐवजी ओळीनं सारखेच कोरे आयकॉन. कातळ कुठला, खांब कुठला, एकेक फाइल उघडल्याशिवाय पत्ता लागत नाही.

ही टेक्स्चर्स बहुधा डीडीएस प्रकारच्या फाइलींत असतात. जेपीजी माणसानं बघायची असते, डीडीएस ग्राफिक्स कार्डासाठी असते. तिच्या मुळाशी एसथ्री कंपनीनं 1998 च्या सुमारास आणलेली पद्धत आहे. चित्राचे चार बाय चार पिक्सेलचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाचे दोन रंग साठवायचे आणि त्या दोन रंगांच्या दरम्यान कोणता पिक्सेल कुठे पडतो, ते दोन-दोन बिटांत लिहायचं. सोळा पिक्सेल आठ बाइटांत बसतात! या प्रकाराला आता बीसी 1 म्हणतात; पुढे बीसी 7 सारखे प्रकार आले. विंडोज 8.1 पासून डीडीएसचा कोडेक, म्हणजे ती फाइल उलगडणारा भाग, विंडोजमध्येच आहे, पण तो बीसी 1 ते बीसी 3 एवढंच ओळखतो. म्हणून एकाच फोल्डरात जुनी टेक्स्चर्स दिसतात आणि नवी दिसत नाहीत. फाइल खराब झालेली नसते, उगीच पुन्हा एक्स्पोर्ट करत बसू नका.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. डीडीएसमध्ये बहुधा मूळ चित्रापाठोपाठ त्याच्या निम्म्या-निम्म्या आकाराच्या प्रती असतात, त्यांना मिपमॅप म्हणतात. लांबच्या भिंतीसाठी कार्ड छोटी प्रत वापरतं. 2048 बाय 2048 चं बीसी 7 टेक्स्चर घ्या. पिक्सेलला एक बाइट, म्हणजे मूळ चित्र 4 मेगाबाइट. पुढची प्रत 1 मेगाबाइट, नंतरची 256 किलोबाइट आणि मग 256 बाय 256 ची, फक्त 64 किलोबाइट. हेडरचे, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीचे, 148 बाइट आणि आधीची तीन चित्रं ओलांडली की थेट तिथे पोहोचता येतं, आणि किती ओलांडायचं ते साध्या गुणाकारानं कळतं. तरी काही प्रोग्रॅम अख्खं मोठं चित्र उलगडतात आणि मग लहान करतात. शितावरून भाताची परीक्षा करायची सोय फाइलीतच असताना सगळं पातेलं कशाला उपसायचं?

चित्र दिसलं तरी ते खरं असेलच असं नाही. दगडाचा खडबडीतपणा अल्फा चॅनेलमध्ये, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीच्या चौथ्या थरात, ठेवला असेल, तर लघुचित्र त्याला पारदर्शकता समजतं आणि काळा कातळ विरल्यासारखा दिसतो. बीसी 5 च्या नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते रंगांत साठवणाऱ्या चित्रात, लाल आणि हिरवा एवढेच चॅनेल असतात. निळा गणितानं काढला नाही, तर नेहमीची निळसर-जांभळी छटा जाऊन चित्र मळकट पिवळं पडतं. माझं मत ठाम आहे: पानं आणि जाळ्या सोडल्या तर लघुचित्रात अल्फा बाजूला ठेवावा, आणि निळा भरून काढावाच.

लघुचित्रं बनवायचं हे काम तुम्हीच करा. शिकायला लिनक्स सोपं पडेल. फाइल घेऊन पीएनजी बाहेर देणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा आणि त्याची नोंद एका थंबनेलर फाइलीत, म्हणजे कुठल्या प्रकारच्या फाइलीचं लघुचित्र कुठल्या प्रोग्रॅमनं बनवायचं ते सांगणाऱ्या फाइलीत, करायची. पीएनजी कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या साठ्यात, राहते, तिच्यात मूळ फाइल बदलल्याची वेळही असते, त्यामुळे टेक्स्चर बदललं की चित्र नव्यानं बनतं. आधी बीसी 1 वाचा. बीसी 7 चे आठ मोड, म्हणजे चौकोन साठवायच्या आठ रीती, आहेत, त्याला वेळ द्यावा लागेल. प्रश्नोत्तरांनंतर मी इथेच आहे. ज्यांच्या फाइली दिसत नाहीत, त्यांनी लॅपटॉप घेऊन या.