हॅल्स्टेडचा गिरणीवाला: बर्नहार्ड वार्केन्टिन

[दृश्य: कॅन्सस, जून महिना. नजर पोहोचेल तिथपर्यंत कापणीला आलेला गहू.]

अमेरिकेच्या ऐन मध्यावरचं हे कॅन्सस. आज गव्हाचं राज्य म्हणून ओळखलं जातं. 1870 च्या आसपास मात्र इथे होतं ते गवत. टेक्सासहून हाकत आणलेली गुरं इथल्या स्थानकांवर रेल्वेत चढवायची, हाती आलेले पैसे गुराख्यांनी गुत्त्यांत उडवायचे, आणि भांडण पेटलं की पिस्तुलं निघायची. न्यूटन हे असंच एक गाव. ऑगस्ट 1871 मध्ये तिथे एका रात्रीच्या गोळीबारात अनेक माणसं मेली.

या न्यूटनला आणि शेजारच्या हॅल्स्टेडला गिरणी, शाळा आणि दवाखाना मिळावा म्हणून ज्यांनी आयुष्य वेचलं, त्या बर्नहार्ड वार्केन्टिन यांच्या पंथात शस्त्र हाती धरणंच निषिद्ध होतं.

[दृश्य: जुना नकाशा. काळ्या समुद्राच्या उत्तरेचा गवताळ प्रदेश.]

वार्केन्टिन यांचा जन्म 1847 चा, आल्टोनाऊ या खेड्यातला. हे खेडं आजच्या दक्षिण युक्रेनमध्ये, तेव्हाच्या रशियन साम्राज्यात, मोलोच्ना नदीच्या काठी वसलेल्या जर्मन वसाहतीत होतं. घरात प्लाउटडीच ही जर्मन बोली, प्रार्थनेत प्रमाण जर्मन. ही मंडळी मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची. सम्राज्ञी कॅथरीनने जर्मन वसाहतकऱ्यांना बोलावलं होतं. शेती करा, तुमच्या मुलांना सैन्यात नेणार नाही, असा शब्द त्यांना मिळाला होता. त्या शब्दावर तीन पिढ्यांनी तो गवताळ मुलूख नांगराखाली आणला. बर्नहार्ड यांचे वडील गिरणीमालक होते. गव्हाचा दाणा पारखणं मुलाने घरातच शिकून घेतलं.

मग सरकारने शब्द फिरवला. सक्तीची लष्करभरती येणार हे 1870 नंतर स्पष्ट झालं, आणि 1874 मध्ये तो कायदा लागूही झाला. जायचं तर कुठे? 1872 च्या उन्हाळ्यात चार तरुण मित्र अमेरिका बघायला निघाले. पंचविशीतले बर्नहार्ड त्यांच्यापैकी एक. बाकीचे तिघे यथावकाश परतले. बर्नहार्ड राहिले.

त्यांचा मुक्काम होता इलिनॉय राज्यातल्या समरफील्डमध्ये, क्रिस्टियन क्रेबील या मेनोनाइट शेतकरी-धर्मोपदेशकाकडे. तिथून ते आपल्या मित्राला, डेव्हिड गोएर्त्स यांना पत्रं लिहीत. जमीन कशी आहे, पाणी किती खोल लागतं, रेल्वे कुठवर आली आहे, भाव काय चालला आहे. तिकडे मोलोच्नात ही पत्रं हातोहात फिरत. घरदार विकायचं की नाही हे ठरवणाऱ्या माणसांना हेच तपशील हवे होते. मला वाटतं, वार्केन्टिन यांच्या सेवेची सुरुवात इथेच झाली, गिरणीचा दगड बसण्याच्याही आधी.

[दृश्य: आगबोटीवरून उतरणारी कुटुंबं. पेट्या, गाठोडी, मुलं.]

येणाऱ्यांची व्यवस्था लावायला 1873 मध्ये एक मंडळ उभं राहिलं. क्रेबील अध्यक्ष, गोएर्त्स चिटणीस, आणि प्रत्यक्ष धावपळ करणारे प्रतिनिधी वार्केन्टिन. बोटीच्या आणि रेल्वेच्या कंपन्यांशी भाडं ठरवायचं, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर माणसांना उतरवून घ्यायचं, इंग्रजीचा एक शब्द न येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना योग्य गाडीत बसवायचं. हमालीच म्हणा ना. पुढच्या दहाएक वर्षांत सुमारे 18,000 मेनोनाइट रशिया सोडून उत्तर अमेरिकेत आले, त्यांतले हजारो कॅन्ससमध्ये. जमीन विकायला सांता फे रेल्वे कंपनी उत्सुक होतीच. पण नुसत्या जमिनीवर गाव वसत नाही. दळण कुठे न्यायचं?

वार्केन्टिन यांनी हॅल्स्टेडला लिटल आर्कान्सा नदीवर पाणगिरणी उभारली. 1875 मध्ये समरफील्डच्या गिरणीमालकाची मुलगी विल्हेल्मिना आयझेनमायर यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

[दृश्य: मुठीतला लालसर गहू. दाणे जवळून.]

आता या गव्हाविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं.

1874 चा उन्हाळा कॅन्ससला टोळधाडीचा गेला. उभी पिकं गेली. त्याच वर्षी मेनोनाइटांचे मोठे जथे येऊन पोहोचले, आणि त्यांच्या सामानात थोडं थोडं बियाणं होतं: टर्की रेड, लाल कठीण गहू. आपल्याकडच्या रब्बीसारखी याचीही पेरणी पावसाळी-उन्हाळी पिकं निघाल्यावर होते, पण पुढे तो बर्फाखाली जातो. शरद ऋतूत उगवायचं, हिवाळाभर दबून राहायचं, वसंतात उसळून वर यायचं, आणि कडक ऊन, कोरडे वारे सुरू होण्याच्या सुमारास कापणीला यायचं. कॅन्ससच्या हवामानाला याहून सोयीचं पीक नव्हतं.

अडचण गिरणीत होती. दाणा इतका टणक की मऊ गव्हासाठी टाकी लावलेल्या दगडी जात्यांत नीट दळेना. कोंड्याचा चुरा होऊन पिठात मिसळायचा. गिरणीवाले नाकं मुरडत, भाव पाडून मागत. पोलादी रूळ असलेल्या नव्या गिरण्या आल्या तेव्हा हे चित्र पालटलं. या पिठाचा पाव उत्तम फुगतो हे मग सगळ्यांनाच कळलं. वार्केन्टिन यांना हा गहू लहानपणापासून माहीत होता. 1880 च्या दशकात त्यांनी मूळ मुलखातून पुन्हा बियाणं मागवलं, लावून पाहिलं, शेतकऱ्यांना दिलं. 1900 च्या सुमारास कॅन्ससच्या गिरणीमालकांनी त्यांच्यामार्फत सुमारे 15,000 बुशेल, म्हणजे 400 टनांच्या आसपास, बियाणं आणवलं.

टर्की रेडचं सगळं श्रेय त्यांना देण्याची रीत आहे. ते बरोबर नाही. घरटी मूठमूठ बियाणं जपून आणणाऱ्या बायाबापड्यांचाही त्यात तेवढाच वाटा आहे. पण ते बियाणं राज्यभर जावं, त्याला भाव मिळावा, ते दळणारी गिरणी असावी, ही खटपट वार्केन्टिन यांची.

[दृश्य: न्यूटन. वार्केन्टिन यांचं घर.]

1880 च्या दशकातच ते न्यूटनला आले. तिथली वाफेवरची गिरणी विकत घेतली, घर बांधलं. गिरणीबरोबर बँकेचं काम आलं. हॅल्स्टेडच्या मेनोनाइट शाळेला आणि 1887 मध्ये स्थापन झालेल्या बेथेल कॉलेजला त्यांनी वेळ दिला, पैसा दिला.

याच मंडळींचा एक धागा आपल्याकडेही येतो. संवत छपन्नच्या दुष्काळात, 1900 साली, मेनोनाइटांनी गोळा केलेल्या धान्याचं वाटप करायला भारतात जे आले, ते गोएर्त्स. रशियात बसून वार्केन्टिन यांची पत्रं वाचणारे तेच मित्र.

[दृश्य: दमास्कस-बैरूत रेल्वेमार्गाचं जुनं छायाचित्र.]

1908 च्या वसंतात वार्केन्टिन दांपत्य पवित्र भूमीच्या यात्रेला गेलं होतं. दमास्कसकडून बैरूतकडे जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाच्या हातून पिस्तूल चुकून सुटलं. गोळी वार्केन्टिन यांना लागली. बैरूतमध्ये त्यांचा अंत झाला. शस्त्र नको म्हणून ज्याच्या लोकांनी देश सोडला, त्याच्या वाट्याला हे यावं. साठीतला, अजून कामात असलेला माणूस असा गेला, याचं वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

त्याच वर्षी न्यूटनमध्ये बेथेल डीकनेस रुग्णालय सुरू झालं. सेवाव्रत घेतलेल्या मेनोनाइट भगिनी तिथे परिचारिकेचं काम करू लागल्या. वार्केन्टिन यांनी ज्या कामांना हातभार लावला, त्यांतलं हे एक.

[दृश्य: गिरणीची जुनी इमारत.]

न्यूटनला गेलात तर त्यांचं घर संग्रहालय म्हणून पाहता येतं. लाकूडकाम, काचा, जुनं फर्निचर, सगळं जपलेलं आहे. मला विचाराल तर आधी गिरणी पाहा. दळण थांबून पुष्कळ वर्षं झाली, पण इमारत गावातच उभी आहे. रेल्वेमार्गही जवळच आहे.